पहिलीला शाळेत न घालता घरीच? गोष्टीची पुस्तकं, ऋतू आणि साडेपाच वर्षांची मुलगी

शेवग्याची शेंग (धागाकर्ती)

मुलगी साडेपाच वर्षांची, धाकटा तीनचा. आम्ही नाशिकला. येत्या जूनमध्ये तिला पहिलीत घालायचं की पहिली-दुसरी घरीच करायची, यावर घरात उभे दोन तट पडलेत. सासूबाई आणि माझे वडील एका बाजूला, मी दुसऱ्या. नवरा दोन्हीकडे मान डोलावतो.

दिवाळीनंतर सिनियर केजीला पाठवणं आम्ही थांबवलंय. सगळं सांगत बसले तर लांबण लागेल. चार रेघी वहीत अक्षराची शेपटी रेघेखाली नीट गेली नाही म्हणून पान खोडून परत, ते खोडून परत, असं चालायचं आणि शेवटी पोर पेन्सिल बघूनच रडायला लागली.

तेव्हापासून घरी असं चालतं: एक गोष्टीचं पुस्तक घ्यायचं, पंधरवडाभर तेच. रोज एकदा वाचायचं आणि त्यातलं काहीतरी रोज हाताने करून बघायचं. पुस्तक शक्यतो त्या ऋतूशी जुळणारं.

चिऊ-काऊच्या गोष्टीचं सांगते. किल्ल्याची माती गॅलरीत पडून होती, मेणबत्त्यांची बुडखं होती, शेण कोपऱ्यावरच्या गोठ्यातून मिळालं. पत्र्याच्या ताटात मातीची टेकडी केली, वर काऊचं शेणाचं घर, चिऊचं मेणाचं. झारीने पाऊस पाडला. काऊचं घर वाहून गेलं, जायचंच होतं. पण आदल्या दिवशीचा एक शेणाचा गोळा उन्हात राहून कडक झाला होता, त्याच्यावर अख्खी झारी ओतली तरी तो ढिम्म. पोरगी बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "काऊने वाळूच नाही दिलं." मग आजीने गोवऱ्या कशा थापतात, सारवण कसं करतात ते सांगितलं. (हो, विरोधी पक्षातल्याच आजीने.) मेणाचं घर शेगडीजवळ ठेवलं तर तेही हळूहळू बसलं. आता आमच्याकडच्या गोष्टीत उन्हाळ्यात चिऊ काऊचं दार वाजवते.

संक्रांतीला हलवा करून पाहिला, काटा काही आला नाही. सध्या पळस आणि काटेसावर चालू आहे.

दोन वर्षं असंच केलं तर तिचं नुकसान होईल का? पुढे तिसरीत शाळेत घेतील का? ज्यांनी केलंय त्यांनी आणि ज्यांना हे खूळ वाटतं त्यांनी, दोघांनीही लिहा.

सडेतोड

खूळच वाटतं, म्हणून लिहितो.

चिऊ-काऊ झकास. पण ताई, हे शाळेतून आल्यावर करायला कोणी अडवलं होतं? शाळा वाईट असेल तर शाळा बदला. एका बाईंनी पान खोडलं म्हणून शाळा ही गोष्टच मोडीत काढायची?

वर्गात जे मिळतं ते घरी करता येत नाही. बाकावर शेजारी बसणारा आवडत नसला तरी वर्षभर त्याच्याच शेजारी बसायचं. कोणाच्या डब्यात ठेचा-भाकरी, कोणाच्या मॅगी, कोणाच्या डब्यात काहीच नाही, हे बघायचं. आईला आपण जगातलं सर्वात हुशार बाळ वाटतो, बाईंना तसं वाटत नाही, हे सहाव्या वर्षीच कळलेलं बरं. तुमच्या घरी खेळायला कोण येणार? तुमच्याच सोसायटीतली, तुमच्याच मैत्रिणींची मुलं.

आणि नवरा मान डोलावतो म्हणता. शेण आणणार कोण, मेण वितळवणार कोण, ताट घासणार कोण? दोन वर्षांनी तुमची नोकरी कुठे असेल, याचा हिशेब धाग्यात कुठेच दिसला नाही.

पाटीपेन्सिल

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, शाळेत कधीच गेला नाही. त्यामुळे मी कुठल्या बाजूची ते उघड आहे.

सडेतोड, "आल्यावर करा" हे ज्यांची मुलं दुपारी घरी येतात ते म्हणतात. व्हॅनमधून पेंगत आलेलं मूल, त्याला गृहपाठ, मग झोप. त्यात झारीने पाऊस कधी पाडायचा?

शेंगताई, एकच पुस्तक रोज वाचणं मोठ्यांना कंटाळवाणं वाटतं, मुलांना नाही. पहिल्या दिवशी ती गोष्ट ऐकतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चित्राच्या कोपऱ्यातली मांजर त्यांना सापडते, आणि त्यानंतर खरे प्रश्न येतात. तुमचा वाळलेला गोळा हा तसाच आलेला आहे, तो कुठल्याही आराखड्यात नसतो.

धोक्याची सूचना मात्र देते. लवकरच तुम्हाला लॅमिनेशन मशीन घ्यावंसं वाटेल. घेऊ नका. रात्री अकरापर्यंत आई कार्डं कापत बसते, सकाळी मुलं त्यांची विमानं करतात, मग आई चिडते. ते सगळं फोटोसाठी असतं. रोज तासभर मनापासून बसलात तरी या वयाला पुष्कळ, उरलेला वेळ उंडारू दे.

दहावीची काळजी आत्तापासून नको. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ पासून आहे, चौदा वर्षं पूर्ण झाली की तिथून दहावीला बसता येतं.

निवृत्त मास्तर

जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी झाली, बरीचशी डहाणू तालुक्यात. म्हणून थोडं जुनं सांगतो.

ऋतू, पानं, बिया, शंख-शिंपले घेऊन लहान मुलांना शिकवायचं हे आपल्याकडे इंटरनेटवरून आलेलं नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या गिजुभाई बधेकांचं बालमंदिर गुजरातेत भावनगरला १९२० साली सुरू झालं. ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर होत्या. पुढे १९४५ साली ताराबाई डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना मिळाल्या आणि नंतर काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीचं महागडं साहित्य त्या वस्त्यांत कुठून आणणार? म्हणून गारगोट्या, चिंचोके, शिंपले, पानं. मुलं बालवाडीत येत नव्हती तर बाया वस्तीतल्या अंगणात जाऊन बसल्या, ती अंगणवाडी. मोठी मुलं गुरं राखायला जात, तर त्यांच्यामागे कुरणात गेल्या, ती कुरणशाळा.

आता माझा मुद्दा बघा. हे सगळं ज्या मुलांना शाळा मिळत नव्हती त्यांच्यापर्यंत ती पोचवण्यासाठी उभं राहिलं. तुमच्या मुलीला शाळा मिळते आहे आणि तुम्ही तेच साहित्य घेऊन तिला बाहेर काढताय. रस्ता तोच, गाडी उलट्या दिशेला. जाणती, वाचणारी, प्रश्न विचारणारी आई शाळेच्या फाटकातून निघून गेली की तिथे भांडायला कोण उरतं? पेन्सिल बघून रडणारी तुमची एकटी नसणार. बाकीच्यांच्या आया उद्याही डबा भरून पाठवतील, कारण त्यांना आठ वाजता कामावर जायचं असतं.

वाचनाचं वेगळं सांगतो. गोष्ट ऐकून शब्द वाढतात, कान तयार होतो. पण मराठी वाचायला ते पुरत नाही. सगळी मुळाक्षरं एकदम न देता थोडी अक्षरं, लगेच त्यांच्या काना-मात्रा, त्यातून शब्द, असं रोज थोडं थोडं करावं लागतं. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी मुलांच्या मराठी वाचनावर वर्षानुवर्षं काम केलं, त्यांच्याकडचं बघा. पळसाची फुलं भिजवून रंग येतो, जोडाक्षर येत नाही.

सडेतोड

मास्तरांना दंडवत. मला म्हणायचं होतं ते शेवटच्या दोन परिच्छेदांत आलं.

पिट्सबर्गची माई

इथे पेनसिल्व्हेनियात घरशाळा कायदेशीर आहे, पण मोकाट नाही. सुरुवातीला प्रतिज्ञापत्र द्यायचं, वर्षभराच्या कामाची फाइल ठेवायची, वर्षाखेरीस पात्र माणसाकडून मुलाचं मूल्यमापन करून घ्यायचं. शेजारच्या न्यू जर्सीत कळवायचीसुद्धा सक्ती नाही. मी दोन्हीकडची कुटुंबं पाहिलीत. जिथे कोणीतरी विचारणारं आहे तिथे आईबापांचा आळस जरा आवाक्यात राहतो. माझं मत आहे, वाद घालायला हरकत नाही.

शेंगताईंना एकच सांगते. पुस्तकाला जोडलेल्या उद्योगांचे तयार संच इंटरनेटवरून उतरवून घेऊ नका. ते इथल्या हवेवर बेतलेले असतात. ऑक्टोबरमध्ये पानं लाल-पिवळी, सफरचंदाच्या बागा, नारिंगी भोपळे. नाशिकला ऑक्टोबरमध्ये तेरडा, कुर्डू, शेतात सोयाबीनची काढणी. तुमच्याकडची पानगळ थंडी सरता सरता, आणि त्याच वेळी काटेसावर बिनपानाची फुलते. ऑक्टोबरात क्रेपचं लाल पान चिकटवणारं मूल खिडकीबाहेर बघून काय समजेल? आपलं कॅलेंडर भरलेलं आहे. पहिल्या पावसातल्या रानभाज्या, हादगा, मातीचे किल्ले आणि त्यावर पेरलेले हाळीव, तीळ, पळस, वाळवणं, करवंदं.

पुस्तकांचं मात्र इथे सुख आहे. सार्वजनिक वाचनालयातून पिशवीभर चित्रपुस्तकं फुकट आणायची. तिकडे एका पुस्तकावर पंधरवडा काढायचा तर ठीक, पण वर्षाची पुस्तकं विकत घ्यायची म्हणजे खर्च आहे.

हायडेलबर्गकर

माईंच्या विरुद्ध टोकाचा अनुभव. जर्मनीत घरशाळा चालतच नाही, मुलाने शाळेत जाणं सक्तीचं आहे. काही कुटुंबं याविरुद्ध युरोपियन मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेली, तिथे ती हरली, २०१९ मध्येसुद्धा.

पण शाळा सुरू होईपर्यंत इथे जंगलातली बालवाडी असते. भिंती नाहीत. पाऊस, बर्फ, चिखल, सगळ्यात मुलं बाहेर. सुऱ्या घेऊन काटक्या तासतात. (माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि दोन दिवस मला फोनवर झापत होती.) लिहायला कोणी लावत नाही. मग सहाव्या वर्षी गोड खाऊने भरलेला भलामोठा कागदी शंकू हातात घेऊन मूल पहिलीला जातं.

म्हणजे पद्धत शेंगताईंची, पण सगळ्या मुलांबरोबर आणि पगारी बाईंच्या हाताखाली. आईचं घर यात यायलाच हवं असं नाही.

कलमबहाद्दर

कायद्याबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही, म्हणून. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून, वय ६ ते १४. कलम १० म्हणतं, मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य. पण न घातल्यास पालकाला शिक्षा त्या कायद्यात नाही. घरशाळा हा शब्दही नाही. त्यामुळे "कायदेशीर" म्हणणारे आणि "बेकायदा" म्हणणारे दोघंही आवाज चढवून बोलतात.

तिसरीत घेतील का? कलम ४ प्रमाणे सहा वर्षांवरचं मूल शाळेत नसेल तर त्याला वयानुरूप वर्गात घ्यायचं असतं. दाखला नाही म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेने अडवू नये. खाजगी विनाअनुदानित शाळा काय करेल ते आधी तिथे जाऊन विचारा.

आणि पान खोडून परत परत लिहायला लावून मुलाला रडवणं मानसिक त्रासात बसतं असं माझं वाचन आहे. तो कलम १७ प्रमाणे निषिद्ध आहे. शाळा सोडण्याआधी लेखी तक्रार केली होती का?

दोन डब्यांची आई

मी एकटी कमावते. सकाळी सव्वासातला घर सोडते, मुलगा शाळा आणि पाळणाघर करून संध्याकाळी भेटतो. त्यामुळे हा धागा मला जरा लागलाच, खोटं कशाला बोलू. "शाळेत घालणाऱ्या आया मुलांचं बालपण मारतात" असा सूर या विषयावर नेहमी निघतो. इथे अजून निघाला नाही, पण वाट बघतेय.

आमच्या चाळीत एप्रिलमध्ये कुरडया होतात. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. मुलगा गच्चीवर कावळे हाकलायला असतो, शेजारची चार पोरं घेऊन, आणि ओला चीक खाऊन पोट बिघडवून घेतो. कोणी त्याला "आज आपण गव्हाबद्दल शिकू" म्हणत नाही. शिकतो की नाही ते देवाला माहीत. गोष्टीचं पुस्तक रात्री एक, कधी पेंगत, कधी मी अर्ध्यात झोपते. मला यासाठी शाळा सोडवावी लागली नाही आणि मला अपराधीही वाटत नाही.

शेवग्याची शेंग

सगळ्यांचे आभार, रागावलेल्यांचेसुद्धा.

कलमबहाद्दर, लेखी तक्रार केली नाही. तोंडी बोलले तर "बाकीची मुलं लिहितात" असं उत्तर मिळालं. सडेतोड, नोकरीचं म्हणाल तर मी घरून अर्धवेळ हिशेबाची कामं करते, ती चालूच राहतील. शेण नवऱ्यानेच आणलं होतं, ते लिहायला हवं होतं. ताट कोणी घासलं ते विचारू नका.

दोन डब्यांची आई, तुमच्याशी माझं भांडणच नाही.

मास्तरांचं मात्र पटतं आणि पटत नाही. फाटकाशी भांडायला मी उभी राहीन, पण तोवर माझी पोर आत बसून रडत असते. ज्यांना पर्याय नाही त्यांच्यासाठी हिनेही रडावं, हे मला नाही जमणार. अक्षरगटांचं मात्र उद्यापासून सुरू करते.

निवृत्त मास्तर

हिने रडावं असं मी कुठे म्हटलं? दुसरी शाळा बघा म्हणतोय. मनपाच्या शाळांतही हाडाच्या बाई असतात, एकदा वर्गात जाऊन बसा.

सडेतोड

भाषेचं झालं. हातच्याची बेरीज चिऊच्या घरातून कशी निघते ते कोणीतरी लिहा, मग पुढे बोलू.

पाटीपेन्सिल

चिऊच्या घरातून नाही निघत, काडेपेटीतून निघते. दहा काड्या झाल्या की रबरबँड लावून गठ्ठा. सत्तावीस म्हणजे दोन गठ्ठे, सात सुट्या. त्यात पाच घातल्या की सुट्या बारा होतात, मूल स्वतःच दहाचा गठ्ठा बांधतं आणि शेजारी नेऊन ठेवतं. तोच हातचा. जिल्हा परिषदेच्या शाळांत हेच करतात, मास्तर सांगतील. प्रत्येक गोष्ट पुस्तकाला जोडायचा अट्टहास मीही करत नाही.

गोदाकाठची

शेंगताई, मीही नाशिकचीच, मुलगा सहाचा, शाळेत जातो. रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर चार-पाच मुलं जमतात, एक पुस्तक आणि काहीतरी उद्योग. पुढच्या वेळी पळसाचा रंग करायचा विचार आहे, फुलं कुठे मिळतात ते माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सडेतोड नाशिकचे असतील तर त्यांनीही यावं, घासायला ताटं असतील.