चर्चा: बूमच्या जोडाला तडा गेला, तर गाडी परत बोलावण्याचा निरोप नक्की कोणाला जायला हवा?

अनगोळकर (धागाकर्ता)

पावसाळ्याआधी आमच्या बकेटच्या गाडीला (माणसाला पाळण्यात उभे करून खांबाच्या उंचीपर्यंत उचलणारी गाडी) नवा रंग द्यायचा म्हणून जुना रंग खरवडला, तेव्हा टरेट (बूमचा, म्हणजे बकेट उचलणाऱ्या लांब हाताचा, फिरता पाया) आणि त्याखालचा खांब जिथे जोडले आहेत तिथे वेल्डिंगच्या कडेने बोटभर लांबीची, केसाएवढी बारीक रेघ दिसली. गाडी कोल्हापूरहून सेकंडहँड घेतलेली होती. बूमच्या पाटीवरचा क्रमांक घेऊन उत्पादकाला फोन केला, तेव्हा उत्तर मिळाले की एकत्र बनवलेल्या त्या तुकडीतील टरेटच्या वेल्डिंगमध्ये दोष आढळला होता आणि तपासणी होईपर्यंत बकेट वर नेऊ नये, असे पत्र दोन वर्षांपूर्वीच धाडले होते. ते गेले होते पहिल्या मालकाच्या पत्त्यावर, आणि त्याने तोवर गाडी आम्हाला विकलेली होती.

त्या दोन वर्षांत आमचे दोन वायरमन त्याच बकेटमधून बेळगावच्या शहापूर-टिळकवाडीतील पथदिवे बदलत होते आणि गणेशोत्सवाच्या मिरवणुकीआधी आडव्या तारा वर उचलून घेत होते. त्यांच्यापैकी एकाच्या आईला मी रोज रस्त्यात भेटतो. पत्र कुणाकडे पोचले आणि कुणाकडे नाही, हा प्रश्न माझ्यासाठी कागदपत्रांपुरता उरलेला नाही.

माझे म्हणणे असे की बूमचा क्रमांक गाडीच्या नोंदणीपुस्तकात चेसिस क्रमांकाशेजारी नोंदवला जावा, आणि परत बोलावलेल्या तुकडीतील गाडीची दुरुस्ती झाल्याचा दाखला असल्याशिवाय तिला योग्यता प्रमाणपत्र मिळू नये. आज व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी हे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यासाठी ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, धूर अशा गोष्टी पाहतात, पण ज्या लोखंडावर माणूस उभा राहतो त्याचे वेल्डिंग कुणी पाहत नाही.

निपाणीकर कंत्राटदार

आपली काळजी खरी आहे, तरीही मी या मागणीच्या विरोधात आहे. माझ्याकडे एकच गाडी आहे. तिच्यावर चार माणसांचे घर आणि बँकेचा हप्ता चालतो. तुकडीतल्या एका गाडीत दोष निघाला म्हणून तुकडीतल्या सगळ्या गाड्या उभ्या करायच्या, आणि उत्पादकाचा माणूस पुण्याहून किंवा चेन्नईहून येईपर्यंत महिना-दीड महिना वाट पाहायची, याचा भार मोठी कंपनी झेलेल, आमच्यासारखा झेलू शकणार नाही. मग काय होईल? लोक गाडी लपवून चालवतील, किंवा शिडी खांबाला टेकवून वर चढतील, आणि शिडी बकेटपेक्षा सुरक्षित आहे असे आपणही म्हणणार नाही.

दुसरे म्हणजे, तडा दिसला की तो दुरुस्त करणारे हात आपल्याच गावात आहेत. उद्यमबागेत पिढ्यान्‌पिढ्या फाउंड्री आणि हायड्रॉलिकचे काम चालते. जे लोक सिलिंडर आणि पंप बनवून बाहेर पाठवतात, त्यांना एक जोड नीट वेल्ड करता येणार नाही का?

उद्यमबागेतला वेल्डर

निपाणीकर साहेबांनी आमच्या हातांवर विश्वास दाखवला याबद्दल त्यांचा आभारी आहे, पण हे काम मी घेणार नाही. त्याचे कारण सविस्तर सांगतो.

बकेटमध्ये दोन माणसे आणि हत्यारे मिळून २०० किलो धरा आणि बूम आडवा सहा मीटर बाहेर गेला असे समजा. नुसत्या एवढ्यानेच टरेटच्या जोडावर १२०० किलो-मीटरचा बाक (वाकवणारा जोर, म्हणजे वजन गुणिले अंतर) येतो, बूमचे स्वतःचे वजन वेगळे. बूम दुसऱ्या बाजूला फिरला की तोच बाक उलट होतो. दिवसाला तीस खांब आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर नऊ हजार वेळा, आठ वर्षांत बहात्तर हजार वेळा तो जोड दाबला आणि ताणला जातो. लोखंड एका दणक्यात तुटत नाही. वेल्डिंगच्या कडेला, जिथे धातू जरा अणकुचीदार वळतो, तिथून ते थकत जाते.

अशा ठिकाणी जाड पट्टी मारली की काम मजबूत झाल्यासारखे दिसते, पण ताण पट्टीच्या टोकाला जाऊन बसतो आणि पुढचा तडा तिथून निघतो. शिवाय बऱ्याच बूममध्ये जास्त ताकदीचे पोलाद असते, आणि बेहिशेबी उष्णता दिली की त्याची ती ताकद जोडाभोवती कमी होते. कमी हायड्रोजनचे वेल्डिंगचे रॉड भट्टीत वाळवूनच वापरावे लागतात. आमच्याकडे जुलैत हवेत इतकी ओल असते की उघडा ठेवलेला रॉड थोड्या वेळात दमट होतो, आणि अशा रॉडने केलेला जोड त्या दिवशी शाबूत दिसला तरी काही तासांनी आतून तडकू शकतो. उत्पादकाने पोलादाची जात, रॉड, आधी किती तापवायचे आणि नंतर कोणती चाचणी घ्यायची हे लेखी दिले, तर इथलेच काम कुठल्याही कारखान्याच्या तोडीचे होईल. ते लेखी हातात नसेल, तर मी दुसऱ्याच्या मुलाचा जीव अंदाजावर टांगणार नाही.

मलप्रभाकाठ (खानापूर, लाइनमन)

मी बकेटमध्ये उभा राहणारा माणूस आहे. निपाणीकर दादांना एवढेच विचारतो की गाडी महिनाभर उभी राहिली तर नुकसान मोजता येते, पण मी पडलो तर ते कोण मोजणार? आम्ही सकाळी गाडी सुरू केल्यावर खालच्या आणि वरच्या दोन्ही ठिकाणांहून बूम एकदा हलवून पाहतो, जॅकखाली फळ्या टाकतो आणि पट्टा बूमला अडकवतो, शेजारच्या खांबाला नाही. जे डोळ्यांना दिसते ते आम्ही बघू शकतो. रंगाखालचा तडा आम्हाला दिसत नाही, आणि तुकडीत दोष आहे हे आम्हाला कुणी सांगतही नाही.

चिक्कोडीचा वकील

कायद्याची बाजू मांडतो, कारण धागाकर्त्यांच्या मागणीतील एक अडचण तिथे आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आले आणि सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. दोष सुट्या भागात असेल तर तो भाग असलेली सर्व वाहने बोलावता येतात, हेही त्यात आहे. पण कलमाची भाषा पर्यावरण, चालक, प्रवासी आणि रस्त्यावरील इतर लोक यांना होणाऱ्या हानीची आहे. चेसिस एकाची, बूम दुसऱ्याचा आणि जोडणी तिसऱ्याची असेल, तर उत्पादक कोण, यावर वाद उभा राहील.

त्याहून गंभीर म्हणजे वाहने परत बोलावण्याचे २०२१ चे नियम सात वर्षांहून कमी वयाच्या वाहनांनाच लागू होतात. वेल्डर साहेबांनी सांगितलेला थकव्याचा तडा साधारणपणे याच वयानंतर वर येतो. अमेरिकेत मोफत दुरुस्तीची मुदत २०१५ च्या कायद्याने दहावरून पंधरा वर्षे केली आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २० खाली धोकादायक वस्तू परत घ्यायला लावता येतात. मात्र व्यापारी हेतूने वस्तू घेणारा त्या कायद्यात सहसा ग्राहक ठरत नाही, त्यामुळे कंत्राटदाराची स्वतःची तक्रार तिथे अडते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ ने उचलयंत्रांची बारा महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी सांगितली, पण ती कारखान्याच्या आवारातील यंत्रांसाठी. खांबाखाली उभी असलेली गाडी त्या आवाराच्या बाहेरच राहिली.

अनगोळकर (धागाकर्ता)

वकील साहेबांच्या माहितीने माझी मागणी बदलली आहे. बूमची तपासणी गाडीच्या वयावर नव्हे, तर बूमच्या वापराच्या तासांवर ठरावी. दहाव्या वर्षी कोल्हापूरहून बेळगावात आलेल्या गाडीला बेळगावची केए-२२ नोंदणी मिळते आणि पाटी नवी दिसते, पण टरेट तेच असते. राज्याची हद्द ओलांडताना ना-हरकत दाखला लागतोच, त्याच वेळी नव्या मालकाचा पत्ता बूमच्या उत्पादकाला कळवणे विक्रेत्याला बंधनकारक केले, तर त्यासाठी वेगळी यंत्रणा लागणार नाही.

निपाणीकर कंत्राटदार

पत्ता कळवण्याला माझा विरोध नाही. लाइनमन दादांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, हेही मान्य करतो. पण गाडी उभी करायला लावणाऱ्या उत्पादकाने त्या काळासाठी भाड्याची गाडी द्यावी, किंवा तिचे भाडे भरावे, ही अट त्याच नियमात लिहिली पाहिजे. दोष त्याचा आहे आणि हप्ता माझा. ही अट नसेल, तर मी सर्वांच्या विरोधात उभा राहीन.

तोवर उद्या सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी टरेटजवळची पाटी पुसून क्रमांक लिहून घेतो आणि उत्पादकाला विचारतो. वेल्डर साहेब, डाय (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) टाकून तडा बघण्याची सोय तुमच्याकडे आहे का? असेल तर गुरुवारी गाडी घेऊन येतो. वायरमनलाही सोबत आणतो.