भात काढल्यावर ओट पेरावा की मसूरच बरी?

येळ्ळूरकर: सुगी झाली की आमच्या शिवारात मसूर नाहीतर हरभरा. मी यंदा वीस गुंठ्यांत वैरणीचा ओट पेरणार आहे. गेल्या साली कारखाने सुरू झाल्यापासून तीन महिने गायींपुढं उसाचं वाडं आणि भाताचं पिंजरच होतं. वाड्यातलं ऑक्झलेट चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, हे तेव्हा ध्यानातच आलं नाही. गाय व्याली आणि दुसऱ्या दिवशी मान पोटाकडं वळवून बसली ती उठेना. कान गार पडलेले. रात्री डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं तेव्हा उभी राहिली. ज्याच्या दावणीला दुभतं जनावर आहे त्यानं थोडं तरी रान वैरणीच्या धान्याला द्यायलाच हवं.

उचगावचा मामा: गाय वाचली हे बरं झालं. पण मसूर भाताच्या ओलीवर येते बाबा, एक पाणी लागत नाही. ओटाला चार पाणी लागतात. शिवाय मसूर मुळांच्या गाठींत नत्र साठवते, ओट असलेलं नत्र ओढून घेतो. पुढच्या भाताला युरिया वाढवणार का?

येळ्ळूरकर: मामा, नत्राचं तुमचं बरोबर आहे, म्हणून ओटात वाटाणा मिसळतोय. पण चिखलणीची भुई फेब्रुवारीत कशी भेगाळते बघा, हात आत जातो. मसूर उपटली की रान उघडंच. ओटाच्या तंतुमुळ्या माती धरून ठेवतात.

कागवाडकर: एवढा खटाटोप कशाला? शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी पेरा. धान्य घरात, कडबा गंजीला.

खानापूरचा दादा: शाळू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, आमचं भात निघतं नोव्हेंबरात. जमायचं कसं? आणि गुडघाभर कोवळा शाळू जनावराच्या तोंडी लागला तर सायनाइडची विषबाधा होते.

कागवाडकर: फुलोऱ्याआधी मी तो कापतच नाही. खोडव्याच्या फुटव्यांत तर जनावर सोडूच नये, पाण्याचा ताण पडला असेल तर मुळीच नाही.

उचगावचा मामा: ओटाचं बी किती?

येळ्ळूरकर: एकराला ४० किलो. पहिली कापणी ५०-५५ दिवसांनी, चार बोटं बुडखा ठेवून. जमिनीलगत विळा मारला तर दुसरी कापणी हाती लागत नाही.

उचगावचा मामा: माझ्या विहिरीला एका कापणीपुरतं पाणी आहे. पाच गुंठे बघतो. बाकी मसूरच.