जळगावची डिजिटल एजन्सी: पुण्याला हलवू की इथेच वाढवू?

गोलाणीवाला (जळगाव)
राम राम मंडळी. चार जणांची डिजिटल मार्केटिंग एजन्सी आहे. रील, फेसबुक-इन्स्टाच्या जाहिराती, गुगलवरचं दुकानाचं प्रोफाइल, अशी कामं. निम्म्याहून जास्त पैसा दोन सराफांकडून येतो. सोन्याचा भाव चढला की त्यांची गिऱ्हाइकी थंडावते आणि पहिली कात्री आमच्या बिलाला लागते. जाहिरातींचे पैसे मी माझ्या कार्डावरून भरतो, वसुली दोन-दोन महिने लांबते. मित्र म्हणतात पुण्याला जा. पण सोबतची पोरं इथलीच आहेत, त्यांना सोडून जायचं नाही. काय करू?

तापीकाठची (शिरपूर)
भाऊ, पुण्याचं नंतर बघू. आधी ते कार्ड काढा. जाहिरात खातं ग्राहकाच्या नावाने, कार्ड त्याचं, तुमच्याकडे फक्त खातं चालवायचा अधिकार. जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो. खात्यात सराफाचा जीएसटी नंबर असला की त्या कराचं क्रेडिट, म्हणजे त्याला भरायच्या जीएसटीतली वजावट, थेट त्यालाच मिळतं. एवढं सांगितलं तरी तो ऐकतो. तुमच्या कार्डावरून पैसे भरून बिलात लावले तर ती रक्कम तुमच्या उलाढालीत धरली जाऊ शकते, आणि सेवेसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाखच आहे.

आता खरं दुखणं. दोन सराफ म्हणजे एकच धंदा. दिवाळी, लग्नसराई, आखाजी (अक्षय्य तृतीया) यांत हात भरलेला आणि पितृपक्षात रिकामा. माझी एजन्सी टिकली ती ग्राहकांचे हंगाम एकमेकांत बसवल्यामुळे. केळीच्या टिश्यूकल्चर रोपांची रोपवाटिका मृगबागेआधी (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आणि पुन्हा कांदेबागेआधी (पावसाळ्यानंतरची लागवड) पैसे खर्च करते. कोचिंग क्लासची धावपळ दहावी-बारावीच्या निकालाच्या आसपास. दातांचा डॉक्टर बारा महिने थोडं थोडं देतो, आणि माझे पगार त्याच्यावर निघतात. नवा ग्राहक घेताना मी आधी हेच विचारते, तुमचे मंदीचे महिने कोणते?

आणि इथली माणसं पुण्यातल्या एजन्सीला कळत नाहीत, हे मी ठासून सांगते. केळीवाला शेतकरी वेबसाइटवर फॉर्म भरत बसत नाही, त्याला व्हॉट्सॲपवर रोपाचा फोटो आणि भाव हवा. म्हणून जाहिरात थेट व्हॉट्सॲपवर उघडणारी ठेवते. धुळे-नंदुरबारकडे आवाज अहिराणीत, रावेर-यावलकडे लेवा बोलीत. शेतकऱ्याला आपल्या बोलीत विचारलं की तो जमीन किती, पाणी किती, सगळं सांगतो. ही तुमची पोरं हेच काम करू शकतात, त्यांना जपा.

हिशेबनीस (भुसावळ)
उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, नसेल तर करून घ्या, फुकट होते. छोट्या उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. मुदतीत न दिलेली रक्कम ग्राहकाला प्राप्तिकरात ज्या वर्षी देईल त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवता येते, म्हणून मार्चच्या आत त्याचा सीए स्वतःच त्याला आठवण करून देतो. उद्यम नंबर प्रत्येक बिलावर छापा.

रावेरचा
ताईंचं पटलं. एक भर घालतो. सुरत, नाशिक, पुण्यात आपली खान्देशी माणसं खूप. गावाकडे प्लॉट घेणारे तेच. बिल्डरच्या जाहिराती त्या शहरांत लावजो भाऊ, नुसत्या जळगावात नको.

गोलाणीवाला
ताई, कार्डाचं सराफांशी उद्याच बोलतो. पण एक धाकधूक आहे. खातं त्यांच्या हातात गेलं की ते आम्हाला सोडून दुसऱ्याकडे जाणार नाहीत का?

तापीकाठची
जायचा तो जाईलच. खातं अडवून धरलं तर ग्राहक राहत नाही, फक्त भांडण राहतं. दर महिन्याला दुकानात जाऊन बसा. जाहिरात बघून किती जण आले, कोणता दागिना विचारला, हे गल्ल्यावरच्या माणसाला विचारा आणि पुढची जाहिरात त्यावर करा. आणि पुढच्या करारात आगाऊ महिन्याचे पैसे लिहून घ्या.