नवरा गेल्यावर कागदपत्रं, आंब्याची कलमं आणि घर: कुठून सुरुवात करू?

किनाऱ्यावरची (देवगड)

माझे मिस्टर गणपतीनंतर गेले. हार्ट अटॅक, वय ४८. तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं. मग मुंबईचे दीर-जावा परत गेले. आता मी, सासूबाई आणि दहावीतला मुलगा. हापूसची कलमं आहेत, पण फवारणी, दलाल, सोसायटीचं पीक कर्ज सगळं तेच बघायचे. कपाटात त्यांची एक प्लास्टिकची पिशवी आहे. पासबुकं, औषधांच्या पावत्या, एका वहीत पेट्यांचा हिशेब. ते अक्षर दिसलं की पुढे वाचवत नाही, पिशवी परत बांधून ठेवते.

सात-बारावर मिस्टर आणि दोघे दीर अशी नावं आहेत. थोरल्या दिरांचा फोन आला, "हक्कसोड करून दे, पुढचं आम्ही बघतो, तुला त्रास नको." माणूस वाईट नाही, पण सही करायला हात धजत नाही. काय करू? आणि रात्री झोप लागत नाही, त्याला काय करतात?

सातेरीची लेक (वेंगुर्ले)

बाय, आत्ता हक्कसोडीच्या कसल्याच कागदावर सही नको. दिरांना सांग, वर्षश्राद्ध होईपर्यंत मी काही ठरवणार नाही. मोठ्यांना हे कारण पटतं, नातंही तुटत नाही.

ती पिशवी एकटीने उघडू नकोस. माझे मिस्टर गेले तेव्हा माझ्याकडे शेजारची कॉलेजातली मुलगी यायची. ती वाचायची, मी नुसतं सांगायचे, हे ठेव, ते बाजूला कर. तिला पासबुकात एक नोंद शोधायला सांग: मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये कापलेत का. तो पंतप्रधान जीवन ज्योती या सरकारी विम्याचा हप्ता. असेल तर नॉमिनीला २ लाख मिळतात, आजाराने मरण आलं तरीही. माझ्या वेळी हप्ता ३३० होता आणि ती ओळ वीजबिल नि एटीएमच्या नोंदींमध्ये अशी दडलेली की घरात कुणाला पत्ताच नव्हता. बँकेतून फोन येईल म्हणून वाट बघू नकोस, आपण जाऊन दाव्याचा फॉर्म मागायचा. २० रुपये कापलेले दिसले तर तो अपघात विमा, तो तुला लागू नाही. मृत्यूच्या दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घे.

आणखी एक, तू विचारलं नाहीस तरी सांगते. टिकली लावायची असेल तर लाव. कोल्हापूरकडच्या हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, मग सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं परिपत्रक काढलं. आमच्या वाडीत ठराव-बिराव काही झाला नाही. पण संक्रांतीला एका वहिनीने मला हळदीकुंकवाला बोलावलं, मग बाकीच्याही बोलवायला लागल्या.

माजी मंडळ अधिकारी

ताई, आधी वारस नोंद. तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र देऊन अर्ज करा. ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइनही होतो. तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं, तेव्हा लांबवू नका. मिस्टरांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांच्या हिश्श्याला तुम्ही, मुलगा आणि सासूबाई असे तिघे समान वारस.

वारस नोंद म्हणजे हक्कसोड नव्हे. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे (रजिस्ट्रेशन ऑफिसात) नोंदवावं लागतं आणि एकदा झालं की मागे फिरणं फार कठीण. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचा हिस्सा तर आईलासुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय सोडता येत नाही, हे दिरांना शांतपणे सांगा. वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. संजय गांधी निराधार योजनेत महिना १,५०० रुपये आहेत, पण वार्षिक उत्पन्नाची अट २१,००० ची आहे, बागेमुळे ती आड येऊ शकते.

गुहागरकर

माझी बायको गेली तेव्हा पुरुषमाणूस म्हणून कुणी विचारलंच नाही, कसा आहेस. सगळे विचारायचे, जेवणाचं काय करतोस. एकदा रात्री अडीचला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावला, १४४१६. फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. पलीकडच्या मुलीने घाई केली नाही, मला रडू दिलं. झोपेसाठी सरकारी दवाखान्यातही दाखवा, मनाने गोळ्या घेऊ नका.

कलमं यंदा झेपत नसतील तर कराराने द्या, पण एकाच हंगामासाठी आणि लेखी. कल्टार (मोहोर जबरदस्तीने आणायचं रसायन) घालायचं नाही, हे करारात लिहून घ्या. एका वर्षाचा घेणारा झाडाचा विचार करत नाही. दहा वर्षांसाठी मागायला येतील, त्यांना सरळ नाही म्हणा.

किनाऱ्यावरची (देवगड)

सगळ्यांचे आभार. उद्या समोरच्या घरातल्या पोरीला बोलावते. एकच भीती आहे, सासूबाईंचं नाव लागलं तर दीर त्यांच्याकडून सही घेतील.

सातेरीची लेक (वेंगुर्ले)

मग दिरांच्या आधी तूच त्यांच्याशी बोल. मुलगा त्यांचाही गेलाय, त्याही रात्री जाग्याच असतील. विधी सेवा समितीत दोघी मिळून जा, वकिलाने सांगितलेलं त्यांच्याही कानावर पडू दे. जाताना सात-बारा आणि आठ-अचा (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा) ताजा उतारा बरोबर ने.