किमान कौशल्य, आयटीआय की बायफोकल? ‘हलकं’ म्हणजे किती हलकं?

औसा_रोडवाला
पोराला दहावीत 61 टक्के पडले. आमच्या लातुरात एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, नीटचा क्लास कुठं लावला? ह्याचं मन सगळं विजेत. शेतातल्या बोअरचा स्टार्टर उघडून बसतंय. शाळेतले एक सर म्हणायलेत किमान कौशल्यातून, म्हणजे व्होकेशनलमधून, धंद्याचे विषय घेऊन बारावी करा, हलकं असतंय. मेहुणे म्हणायलेत आयटीआयला वीजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियन. मधीच बायफोकल कुणीतरी काढलं. हलकं म्हणजे नेमकं किती, तेवढं सांगा.

मोटार_भरणारा
दादा, मी 2009 ला किमान कौशल्य, इलेक्ट्रिकल केलेला माणूस. इंग्रजी, मराठी, सामान्य पायाभूत अभ्यासक्रम आणि धंद्याचे तीन विषय, त्यात लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही. फिजिक्स-गणित नाही, म्हणून लोक हलकं म्हणतेत.

कामाच्या सरावाला मला मोटारी भरायच्या, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी वायर गुंडाळायच्या दुकानात टाकलं होतं. पाच एचपीची पाणबुडी मोटार. वायरचे आटे मोजताना मी एकाच्या फोनला ‘हॅलो’ म्हणलो आणि मोजणी चुकली. मालक काही बोलला नाही, निम्मी कॉइल उसवून वायर हातात दिली. त्या दिवशी जेवण चार वाजता.

खरा दणका पुढं. बारावी व्होकेशनलवर इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला, घरी पेढे वाटले. तिसऱ्या सेमिस्टरला गणितात इंटिग्रेशन आलं. पहिल्या वर्षाची पोरं त्याच्या आधीचं गणित करून आलेली, मी त्याची खूणसुद्धा पहिल्यांदाच बघत होतो. दोनदा राहिला विषय. डिप्लोमा डोक्यात असेल तर गणित आत्तापासून सोडू नका. कामालाच लागायचं असेल तर वर्षाची अप्रेंटिसशिप करा, तिथं हात बसतो.

निदेशक_काका
आयटीआयला वीजतंत्री दोन वर्षं. हजेरी 80 टक्के लागते, ‘शेतात काम होतं’ चालत नाही. प्रात्यक्षिकाला पास व्हायला 60 टक्के, लेखीला 33. यावरनंच समजा आम्ही कशाला धरतो. सुरुवातीला पोरं वायरला हात लावायची वाट बघतेत आणि आम्ही कानस देतो. पट्टी घासून काटकोन आणायचा. कंटाळून निम्मी तिथंच तोंड वाकडं करतेत.

आमची पोरं नापास होतात ती वायरिंगमुळं नाही. वर्कशॉप कॅल्क्युलेशन आणि ड्रॉइंगमुळं. पोराला आज रात्री 3/8 अधिक 1/4 विचारा. माझ्या वर्गात हे येणारे हात मी दरवर्षी मोजतो, फार नसतेत.

परभणीची_आई
बायफोकलचा घोळ करू नका हो. ती सायन्सचीच बारावी. दुसरी भाषा आणि एक विषय यांच्या जागी 200 मार्कांचा इलेक्ट्रॉनिक्ससारखा विषय येतो, फिजिक्स-केमिस्ट्री-गणित आहेच. माझ्या लेकीनं घेतलंय. जर्नल लिहून लिहून बोटं दुखायलीत तिची. 61 वाल्या लेकराला तिथं ढकलू नका.

औसा_रोडवाला
काका, विचारलं. गप्प बसला. मग म्हणतो, पप्पा, स्टार्टरमधल्या वायरीकडं बघून किती एमएमची ते सांगू का? सांगितली, आणि बरोबर निघाली. अपूर्णांकाला मात्र भिंतीकडं बघायला लागला. आयटीआयचा फॉर्म भरतोय. क्लास लावावाच लागतोय, पण सातवीच्या गणिताचा. कुणी घेतंय का लातुरात?