नववीच्या मुलांचं मराठी लेखन: जोडीदाराची मदत घ्यावी की मोबाईलची?

खानापूरची टीचर

नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी मराठी शिकवते. नववीची मुलं बोलायला लागली की थांबत नाहीत, पण निबंध म्हटलं की वही कोरी, नाहीतर मोबाईलवरून उतरवून आणलेला मजकूर. 'पावसाळ्यातील एक दिवस' हा विषय दिला तर निम्म्या वर्गाची सुरुवात शब्दाला शब्द सारखी. जांबोटी-कणकुंबीकडच्या पोरांना पाऊस दुसऱ्याकडून उसना घ्यावा लागतो, याचं मला फार वाईट वाटलं. नाल्याला पाणी आलं की यांची शाळेची वाट बंद होते, घरात ओली लाकडं धुमसत असतात. यातलं एक वाक्य वहीत नव्हतं.

सगळ्या वह्या बारकाईनं बघायला मी एकटी पुरत नाही. म्हणून दहावीची मुलं नववीच्यांना जोडून द्यावीत असा विचार आहे. शाळेत थोडे संगणक आहेत, नेट येतं-जातं. संध्याकाळी वडील घरी आले की त्यांचा मोबाईल थोडा वेळ मिळतो. मराठीसाठी उपयोगी पडेल असं कोणतं साधन आहे? आणि मुलांनी मुलांचं तपासलं तर चुकाच पक्क्या होतील, असं सहकारी म्हणतात. तुमचा अनुभव काय?

वडगावचे निवृत्त सर

टीचर, तुमच्या सहकाऱ्यांची भीती रास्त आहे, पण मुलांच्या हाती लाल पेन दिला तरच. मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवलं, आता संध्याकाळी गल्लीतल्या मुलांना घेऊन बसतो. माझ्याकडे जोडीदारानं पहिल्या वाचनात एकही अक्षर खोडायचं नाही असा नियम आहे. लिहिणाऱ्यानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं ऐकायचं आणि जे कळलं नाही ते विचारायचं. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी.

एक उदाहरण देतो. खानापूरकडून आमच्याकडे आलेल्या एका मुलानं कौलांच्या भट्टीवर चार ओळी लिहिल्या होत्या. 'भट्टीत कौले भाजतात. कामगार खूप कष्ट करतात.' संपलं. शेजारच्या पोरीनं विचारलं, भट्टी पेटवल्यावर किती दिवस जळते? कौल कच्चं राहिलं तर कळतं कसं? रात्री जागायला कोण बसतं? पोरगा सांगत सुटला, कारण त्याचे आजोबाच जागायचे. ती म्हणाली, आता हेच लिही. पान भरलं. हे काम ना मी केलं असतं ना यंत्रानं. मी विचारलं असतं तर तो 'हो सर' म्हणून गप्प बसला असता.

मुलानं मुलाला शिकवणं आपल्या मातीला नवं नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी अँड्र्यू बेल यांनी मद्रासेत गावठी शाळेतली मुलं वाळूत अक्षरं गिरवताना पाहिली, मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवण्याची रीत आपल्या शाळेत बसवली, आणि ती 'मद्रास पद्धत' म्हणून इंग्लंडात गेली. आपल्या कर्नाटकातली नलीकली, म्हणजे सरकारी शाळांतली खेळत-करत शिकण्याची पद्धत, तर तुम्हाला माहीतच आहे. १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात ती सुरू झाली. तिच्यात शिक्षकाच्या मदतीनं शिकणारा गट वेगळा, सोबत्याच्या मदतीनं शिकणारा वेगळा. सरकारी प्राथमिक शाळेतून आलेली तुमची पोरं पहिली ते तिसरी अशीच बसली असतील. हायस्कूलला आल्यावर आपण ती सवय मोडतो, याचं मला नवल वाटतं.

आता साधनं. ज्याला बोलता येतं पण लिहिता येत नाही, त्याला मोबाईलच्या कीबोर्डवरचा माईक दाबून मराठीत बोलायला सांगा. बोललेलं अक्षरांत उमटतं. पूर्णविराम-स्वल्पविराम बहुतेक गाळलेलेच असतात आणि आपल्या बाजूचे शब्द यंत्र भलतेच ऐकतं. तेच बरं आहे: जोडीदारासोबत बसून तो मजकूर नीट करणं हा उत्तम अभ्यास होतो. नेट चालू असेल त्या दिवशी शाळेत गूगल डॉक्स वापरा, पण 'सजेस्टिंग' लावून. मग जोडीदारानं केलेला बदल वेगळ्या रंगात दिसतो आणि तो स्वीकारायचा की नाही हे लिहिणारा ठरवतो. आधीची आवृत्तीही पाहता येते, त्यामुळे कुणी एका दमात आयता मजकूर चिकटवला तर तेही कळतं.

शब्दाबद्दल वाद झाला तर नेटवरचा बृहद्कोश उघडायचा. तिथं बरेच मराठी शब्दकोश एकदम शोधता येतात. माहितीसाठी मराठी विश्वकोश आहे, तोही फुकट. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ साली १४ होते, १९७२ साली ४ वाढले. हे १८ एकदम मुलांवर टाकू नका. पंधरा दिवस एकच घ्या: 'जमीन' पण 'जमिनीत', 'गरीब' पण 'गरिबाला'. त्या पंधरवड्यात जोडीदारानं फक्त तेवढंच बघायचं. बाकीच्या चुका राहू द्या.

आणि गोष्टीतली आजी 'काय करायलायस बाळा?' म्हणत असेल तर कुणालाही ते 'काय करत आहेस' करू देऊ नका. निवेदन प्रमाण मराठीत, आजी तिच्या मराठीत.

निपाणीची बीएची विद्यार्थिनी

सरांशी सहमत. दहावीत असताना मी आठवीच्या मुलींना असंच शिकवत होते, म्हणून दोन गोष्टी सांगते.

पहिला नंबर आणि शेवटचा नंबर अशी जोडी कृपा करून लावू नका. शेवटच्या मुलीला ती शिक्षाच वाटते, ती वही लपवते. जवळपास सारख्या मुली एकत्र ठेवा आणि महिन्यानं जोड्या बदला. मला तर आठवीतल्या मुलींनीच जास्त शिकवलं. आई तंबाखूच्या वखारीत काय काम करते हे एकीनं लिहिलं होतं, आणि तिला प्रश्न विचारता विचारता माझी स्वतःची वाक्यं साधी झाली.

दुसरं म्हणजे कीबोर्ड. इंग्रजी अक्षरांतून मराठी टाईप केलं की ह्रस्व-दीर्घ फोनच ठरवतो. मूल फक्त समोर आलेल्या शब्दांतला पहिला निवडतं. देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड लावून द्या. सुरुवातीला बोटं अडखळतील, पण वेलांटी कोणती ते मुलीला स्वतः ठरवावं लागेल.

खानापूरची टीचर

दोघांचेही आभार. नववीतल्या नववीतच जोड्या लावते, दहावीच्यांवर अभ्यासाचा ताणही आहे. पण सर, मुलांनी चॅटजीपीटीकडून निबंध लिहून आणला तर? काहींच्या मोठ्या भावांकडे तो आहे.

वडगावचे निवृत्त सर

पहिला कच्चा खर्डा वर्गातच, हातानं, तुमच्यासमोर. लांबी कितीही असो. घरी न्यायचे ते जोडीदाराचे प्रश्न, आणि त्यांची उत्तरं लिहून आणायची. 'तुझ्या घरासमोरच्या नाल्याला पाणी चढलं तेव्हा म्हशी कुठं बांधल्या?' याचं उत्तर भावाच्या मोबाईलमध्ये नसतं, आईला विचारावं लागतं. यंत्र वापरायचंच असेल तर पक्का खर्डा झाल्यावर त्याला एवढंच विचारायला सांगा, की यात वाचणाऱ्याला काय कळत नाही? जोडीदारानं विचारलं ते आणि यंत्रानं विचारलं ते शेजारी-शेजारी लिहा, आणि कोणते प्रश्न कामाचे ते मुलांनाच ठरवू द्या.

निबंध जमले की त्यातले चांगले चार निबंध बेळगावजवळच्या कडोली, येळ्ळूर नाहीतर उचगावच्या साहित्य संमेलनाच्या मंडळींना दाखवा. गावची पोरं लिहितात म्हटल्यावर ही माणसं आवर्जून वाचतात.