मदत हवी आहे: आफोन्सो कोश्ताबद्दल मराठीत कुठे वाचायला मिळेल?

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी आतेबहिणीचं लग्न गोव्यात झालं. विधींच्या आधी नोंदणी कार्यालयात वधूवरांनी दोनदा सह्या केल्या, मध्ये काही दिवसांचं अंतर. एवढा सोपस्कार का, म्हणून खोदत गेलो तर थेट लिस्बनला पोचलो! 5 ऑक्टोबर 1910 ला पोर्तुगालची राजेशाही गेली आणि न्यायमंत्री झाला आफोन्सो कोश्ता, कोइंब्रा विद्यापीठातला कायद्याचा प्राध्यापक. वर्ष संपायच्या आत त्याने घटस्फोटाचा आणि नागरी विवाहाचा कायदा आणला, एप्रिल 1911 मध्ये चर्च आणि सरकार वेगळं केलं. हे विवाह-घटस्फोटाचे कायदे पुढे गोव्यातही लागू झाले.

माणूस भलताच रंगतदार. तीनदा पंतप्रधान, 1913 मध्ये अर्थखातंही स्वतःकडे ठेवून अंदाजपत्रकाची तोंडमिळवणी करून दाखवली. 1915 च्या जुलैत ट्राममध्ये मोठा आवाज झाला, याला वाटलं बाँब, आणि गड्याने खिडकीतून उडी टाकली. कवटी फुटली, पण वाचला. डिसेंबर 1917 मध्ये सिदोनिओ पाइश या लष्करी अधिकाऱ्याच्या बंडाने सत्ता गेली, 1937 मध्ये पॅरिसमध्ये वारला.

आता अडचण अशी की मला पोर्तुगीज येत नाही. त्याच्यावर मराठीत किंवा इंग्रजीत नीट काही आहे का? 1910-11 ची गोव्यातली मराठी नियतकालिकं कुठे चाळायला मिळतील? चर्चचा वरचष्मा गेल्यावर तिथल्या हिंदूंना काय वाटलं, हे त्यांच्याच शब्दांत वाचायचंय. आणि हो, मराठीत कोस्ता लिहायचं की कोश्ता?